ऐतिहासिक कादंबरी आणि अस्सल कागद : चार पुस्तकांवरील अभिप्राय

या त्रैमासिकांत कादंबऱ्यांवर लिहिण्याचा प्रघात नाहीं, आणि आम्हीही तो मोडला नसता. परंतु एक गोष्ट अशी घडली कीं, तिच्यामुळें लिहिणें प्राप्त झालें. सुमारें दोन वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याकडे दप्तर आहे असें कळल्यावरून आम्ही त्या गांवीं गेलों होतों. यजमानांनीं आगतस्वागत उत्तम केलें व घराण्याच्या मूळ पुरुषाची हकीकत सांगितली. हकीकत मोठी सरस होती. रात्रीची वेळ, बाहेर मुसळधार पाऊस, श्रीमंतांच्या डेऱ्यांत मूळ पुरुषानें काढलेले बाणेदार उद्गार, आणि श्रीमंतांनीं आपल्या गळ्यांतील कंठा काढून त्याच्या गळ्यांत घालणें. ‘आजोबांच्या तोंडून ऐकत आलों’, असें यजमान म्हणाले. आम्हीं ती दंतकथा या सदराखालीं अक्षरशः टिपून घेतली. नंतर दप्तर पाहूं म्हटलें, तों कळलें कीं, दोन पेट्यांपैकीं एक रद्दींत गेली. कारण कोणा जाणत्यानें ती चाळून ‘यांत लढाई नाहीं, नुसते हिशेब आहेत’, असा निकाल दिला होता. उरलेल्या पेटींत तीन रुमाल होते.

पुढें कांहीं महिन्यांनीं एक कादंबरी सहज हातीं आली. तिचें नांव घेण्याचें कारण नाहीं. खालीं ज्या चारांचा विचार केला आहे त्यांपैकीं ती नव्हे. तिच्यांत तो पाऊस, तो डेरा, ते उद्गार आणि तो कंठा हीं सर्व त्याच अनुक्रमानें आढळलीं. पात्राचें नांव तेवढें निराळें होतें. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हां यजमानांचे आजोबा हयात नव्हते. यजमान खोटें बोलले असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्यांनीं ती तरुणपणीं वाचली असेल किंवा कोणाकडून ऐकली असेल, आणि वीस पंचवीस वर्षांत ती आजोबांच्या तोंडीं जाऊन बसली. आमच्या टिपणवहींतील ते पान आम्हीं रद्द केलें. रद्दींत गेलेली पेटी मात्र परत येणार नाहीं.

ज्या पुस्तकांनीं आमच्या साधनांत अशी भर घालण्यास आरंभ केला आहे, तीं एकदां नीट वाचून पाहावीं असें त्या दिवसापासून मनांत होतें. गेल्या चातुर्मासांत डोळ्यांच्या तक्रारीमुळें मोडी वाचन बंद ठेवावें लागलें, तेव्हां तो योग आला. कै. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’, कै. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२), कै. ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ (१९६३) आणि श्री. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) या चार कादंबऱ्या आम्हीं अथपासून इतिपर्यंत वाचल्या. त्यांवरील प्रामाणिक मत पुढें देत आहों.

प्रथम कसोटी सांगणें इष्ट आहे. कादंबरीकारानें कल्पना करूं नये असा हट्ट आमचा नाहीं. तसें असतें तर आम्हीं शकावलीच वाचीत बसलों असतों. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती कै. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) बहुतांशीं कल्पितच आहे. पण ती कल्पित आहे हें लपत नाहीं, म्हणून तिनें कोणा संशोधकास चकविलें नाहीं. आमची अपेक्षा इतकीच कीं, कागद जेथें मुका आहे तेथें कादंबरीकारानें खुशाल बोलावें, कागद बोलतो तेथें त्याचें ऐकून घ्यावें, आणि कागदाचें सोंग घेऊन मात्र कधीं बोलूं नये.

या कसोटीस हरिभाऊ लावतांना त्यांचा काळ ध्यानांत ठेविला पाहिजे. ‘उषःकाल’ १८९५ च्या सुमारास ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली, तेव्हां खरेशास्त्र्यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह निघावयाचा होता व राजवाड्यांचा पहिला खंड (१८९८) छापखान्यांतही गेला नव्हता. ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यानंतरची, विसाव्या शतकाच्या आरंभींची. तरीही जेधे शकावली लोकमान्यांच्या हातून प्रसिद्ध होण्यास १९१६ साल उजाडावें लागलें आणि शिवभारत छापून निघण्यास १९२७. म्हणजे हरिभाऊंनीं शिवकालावर लिहिलें तें जवळजवळ अंधारांत चांचपडत. ज्यांच्यापुढें साधनेंच नव्हतीं त्यांना साधनें न वापरल्याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल.

इतकें मान्य करूनही या कादंबरीविषयीं आमची एक तक्रार राहते. कोंढाणा १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें जे तेवीस किल्ले मोंगलांकडे गेले त्यांत होता, आणि माघ वद्य नवमी शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तो परत घेतला. पांच वर्षांपूर्वीं मान खालीं घालून दिलेलें उलट घेण्याचा तो आरंभ होय. या कारणाहून मोठें कारण कोणत्या कथेस हवें? परंतु हरिभाऊंनीं उदेभानाच्या तावडींत सांपडलेली कमलकुमारी कल्पिली, आणि राज्याच्या अब्रूचा प्रश्न एका अबलेच्या सुटकेपाशीं आणून ठेविला. कथा त्यामुळें रंगली हें खरें; लहानपणीं आम्हीही कमलकुमारीसाठीं रडलों आहों. आज वाचतांना असें वाटलें कीं, तिच्या अश्रूंत तहाचें दुःख वाहून गेलें.

दुसरी गोष्ट नांवाची. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हें आज शाळेंतील पोर सांगतें, आणि त्या समजुतीस या कादंबरीच्या नांवानें जेवढें बळ दिलें तेवढें दुसऱ्या कशानेंही दिलें नसेल. वस्तुतः १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रांत ‘सिंहगड’ हें नांव आलेलें आहे, म्हणजे तानाजीच्या मरणापूर्वीं सात वर्षें. सभासदानें बखरींत महाराजांच्या तोंडीं जे उद्गार घातले आहेत त्यांतही सिंह नाहीं. एक गड मिळविला आणि एक गमाविला, असा त्यांचा आशय आहे. तानाजीलाच गड म्हणणें हें आम्हांस सिंह म्हणण्याहून अधिक भारदस्त वाटतें. घोरपडीचीही तीच गत. सभासदाचे मावळे वानरासारखे कडा चढतात. यशवंती घोरपड येते ती तुळशीदासाच्या पोवाड्यांतून. शाहिराची घोरपड, कादंबरीकाराचा सिंह आणि बखरकाराचा गड हीं तिन्ही आपापल्या जागीं शोभतात. त्यांची खिचडी करून तिला इतिहास म्हणूं नये.

‘स्वामी’ संबंधानें आमचें मन दुभागलेलें आहे. थोरले माधवराव सोळाव्या वर्षीं गादीवर बसले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं वारले. रमाबाई सती गेल्या. या अकरा वर्षांत राक्षसभुवन आहे, हैदरावरील स्वाऱ्या आहेत, आणि सर्वांत जाचक असा चुलत्याचा कलह आहे. देसाई यांनीं रमा-माधवाच्या एकांताचें जें चित्र काढलें आहे त्यास कागदाचा आधार नाहीं. पण त्याविरुद्ध जाणारा कागदही नाहीं. येथें कागद खरोखरच मुका आहे. अशा ठिकाणीं कल्पनेनें बोललेलें आम्हांस मान्य आहे, एवढेंच नव्हे, तर तें वाचतांना आम्ही दोन वेळां पुस्तक मिटून बसलों हेंही कबूल करतों.

मन दुभागतें तें पुढें. आळेगांवास १७६२ त पराभव दिसतांच माधवराव आपण होऊन चुलत्याच्या गोटांत गेले, आणि १७६८ त धोडपास त्याच चुलत्यास कैद करून पुण्यास घेऊन आले. हा सहा वर्षांचा प्रवास म्हणजे एका मुलाचा राजा होणें होय. पेशवे दप्तरांतून सरदेसाई यांनीं १९३० पासून जे पंचेचाळीस भाग छापविले त्यांत या कलहाचीं पत्रें आहेत. त्यांतला माधवराव तापट, हिशेबी, प्रसंगीं कठोर, आणि कर्जाच्या चिंतेनें पोखरलेला असा आहे. मृत्यूपूर्वीं त्यानें कलमें लिहवून कर्ज फेडण्याची आज्ञा करून ठेविली. क्षयानें अंथरुणास खिळलेला सत्तावीस वर्षांचा पुरुष सावकारांचें देणें मनांतून काढूं शकत नाहीं, यांत जो करुणरस आहे तो कोणत्याही स्वगतांत आम्हांस सांपडला नाहीं. कादंबरींतील माधवराव याहून मऊ व देखणा आहे. वाचकानें त्याजवर प्रेम करावें म्हणून त्याचे कंगोरे घांसले आहेत. मूळ माणूस कंगोऱ्यांसकट प्रेम करण्याजोगा होता.

भाषेबद्दल एक शब्द. ‘स्वामी’ ची संवादाची भाषा गोड आहे, आणि पुढील पुष्कळांनीं तिचें अनुकरण केलें आहे. परंतु तींत सर्व पात्रें एकाच सुरांत बोलतात. पेशवे काळचीं पत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, गोपिकाबाईंची धारदार शिस्त, नानांची सावध वळणें आणि शिलेदाराची तोडकी विनवणी यांत किती अंतर असतें. शिवकालावर लिहिणारे तर याहूनही पुढें जाऊन मावळ्यांच्या तोंडीं शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी घालतात. त्या काळचा व्यवहार फारशी शब्दांनीं इतका भरलेला होता कीं, त्यांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं महाराजांस राज्यव्यवहारकोश करवावा लागला, हें ते विसरतात.

‘झेप’ ही चौघींत आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी वाटली. त्र्यंबकजी डेंगळे हा जासुदाच्या कामापासून चढत दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात झाला. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा २० जुलै १८१५ रोजीं पंढरपुरास खून झाला, तेव्हां त्याचा आळ याजवर आला. इंग्रजांनीं त्यास मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. १८१६ च्या सप्टेंबरांत तो निसटला. पुढें पुन्हा सांपडून चुनारगडच्या बंदिवासांत १८२९ साली मेला. शंभर वर्षें त्याचें चरित्र आम्हीं शिकलों तें मुख्यतः एल्फिन्स्टनच्या लिखाणावरून, म्हणजे फिर्यादीच्या कैफियतीवरून. आरोपीची बाजू ऐकून घेण्यास इनामदार पुढें आले, हें कार्य वास्तविक आमचें होतें. तें एका कादंबरीकारानें अंगावर घ्यावें, याची थोडी लाजही वाटली.

मात्र इनामदार न्यायाधीश न होतां वकील झाले आहेत. आरोपीस संशयाचा फायदा द्यावा येथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहों; त्याजवर गुणांची माळ चढवूं लागतांच आम्ही मागें राहतों. फिर्यादीचा पुरावा एकतर्फी आहे एवढ्यानें आरोपी निर्दोष ठरत नाहीं. प्रकरण अनिर्णीत ठरतें. अनिर्णीत राहणें हें कादंबरीस सोसत नाहीं, संशोधनास सोसावें लागतें. या दोन व्यवसायांतील खरा भेद हाच असावा.

याच त्र्यंबकजीच्या संबंधानें एक बोध घेण्याजोगी गोष्ट सांगतों. ठाण्याच्या किल्ल्याच्या भिंतीखालीं एक मोतद्दार घोडा खरारा करतांना मराठी गाणें म्हणे, गोऱ्या पहारेकऱ्यांस तें कळत नसे, आणि त्या गाण्यांतूनच कैद्यास सुटकेचा बेत कळविला गेला, ही हकीकत कोणीही नवखा वाचक कादंबरीकाराची करामत म्हणून सोडून देईल. परंतु बिशप हेबर यानें १८२४ त चुनारास त्र्यंबकजीस कैदेंत पाहिलें, आणि ही गोष्ट त्याच्या प्रवासवृत्तांत नमूद आहे. तीही ऐकीवच, हें खरें; पण ती आठ वर्षांच्या आंतील ऐकीव आहे. म्हणून रसाळ तें सर्व खोटें व नीरस तें सर्व खरें, हा आमच्यांतील कांहीं मंडळींचा समजही तपासून घेण्यासारखा आहे.

‘पानिपत’ चा पल्ला सर्वांत मोठा. मोहिमेचा भूगोल, नद्यांचे उतार, रसदेची तंगी, उपाशी जनावरें, बुणग्यांचा भार, हें सर्व श्री. पाटील यांनीं कष्टानें जुळविलें आहे. कै. शेजवलकर यांच्या पानिपतावरील ग्रंथानें (इंग्रजी १९४६, मराठी १९६१) जी वाट मोकळी केली तिचा फायदा या कादंबरीस मिळाला आहे, आणि शेजवलकरांचा ग्रंथ ज्यांनीं कधीं उघडला नसता अशा हजारों वाचकांपर्यंत त्याचें सार पोंचलें आहे. १४ जानेवारी १७६१ चा दिवस लेखकानें दमानें वर्णिला आहे. दोष म्हणावा तर विशेषणांच्या गर्दीचा. जेथें उपासमारीचा एक आंकडा पुरला असता तेथें चार उपमा येतात. ग्रँट डफनें दिलेलें तें सावकारी पत्र स्मरावें, ज्यांत सरदारांचें मरण मोत्यांत, मोहरांत आणि मोजदाद नसलेल्या खुर्द्यांत सांगितलें आहे. नाना फडणीस स्वतः रणावर होते व त्यांनीं आत्मवृत्तांत तो प्रसंग थोडक्यांत लिहून ठेविला आहे. या दोन्ही ठिकाणीं विशेषणें जवळजवळ नाहींत, आणि दोन्ही वाचून घांस घशाखालीं उतरत नाहीं.

पानिपताच्या पुस्तकाबरोबर आमचें मन साहजिकच पुढच्या प्रकरणाकडे गेलें. भाऊसाहेब रणांत पडले. पण पार्वतीबाईंनीं तें मानलें नाहीं, शेवटपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. त्या एकट्या नव्हत्या. भाऊ जिवंत असावा असें अर्ध्या महाराष्ट्रास वाटत होतें, म्हणूनच भाऊचें नांव घेऊन एक तोतया उभा राहूं शकला. किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, शहाणीं माणसें त्याच्या बाजूस गेलीं. अखेर चौकशी होऊन, ओळख पटविणाऱ्यांच्या साक्षी होऊन, १७७६ त त्यास देहान्त शिक्षा झाली. तोतया खोटा होता. ज्या आशेनें त्यास जवळ केलें ती आशा खोटी नव्हती.

ऐतिहासिक कादंबरी आम्हांस याच आशेचें अपत्य वाटते. गेलेला माणूस पुन्हा उभा राहावा, बोलावा, घोड्यावर बसावा, ही इच्छा कोणास नाहीं? आमच्यापैकीं जे आयुष्यभर वाळवी लागलेले कागद चाळतात तेही याच इच्छेनें चाळतात. म्हणून कादंबरीकारास तोतया म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. ‘मी भाऊसाहेबांचें सोंग आणलें आहे’, असें सांगून जो रंगभूमीवर येतो तो नट, आणि जो तें न सांगतां किल्ल्याच्या दरवाजाशीं येतो तो तोतया. या चार पुस्तकांचे कर्ते नट आहेत व चांगले नट आहेत. अडचण अशी कीं, खेळ संपल्यावर प्रेक्षक सोंग उतरूं देत नाहींत. तेंच घरीं नेऊन देव्हाऱ्यांत बसवितात. आमच्या यजमानांनीं तेंच केलें होतें.

यांत आमचा दोष मोठा आहे, तो सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. साधनांचे खंड आम्हीं छापले, पण पुष्कळांस सूची दिली नाहीं. शब्दार्थ दिले नाहींत. कागद कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं लिहिला हें सांगण्याचे कष्ट घेतले नाहींत. मोडी शाळांतून गेली तेव्हां आम्हीं हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा आपल्या रुमालांत तोंड घातलें. सामान्य वाचक आमच्या दारावरून गेला. दार बंद दिसलें. शेजारीं कादंबरीकाराचें दार उघडें होतें, दिवा लावलेला होता. तो तिकडे गेला याचें नवल काय? आमच्याकडे मोडी शिकावयास जे तरुण येतात त्यांपैकीं बहुतेकांस, विचारलें असतां, पहिली ओढ कादंबरीनेंच लाविलेली असते. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

तेव्हां कादंबरीकारांस आमची विनंति थोडी आहे. पुस्तकाच्या शेवटीं दोन पानें निवेदन जोडून कोणतीं पात्रें व प्रसंग कल्पित आहेत तें स्पष्ट सांगावें. त्यानें रसभंग होत नाहीं, कारण तोंवर रस घेऊन झालेला असतो. आणि तिथि, मायना व शिक्का घालून कल्पित पत्र रचूं नये. उद्गार कल्पावे, एकांत कल्पावा, स्वप्न कल्पावें. पत्र कल्पूं नये. तें पुस्तकांतून सुटून कधीं कोणाच्या दप्तरांत जाऊन पडेल याचा नेम नाहीं.

संग्राहक बंधूंस विनंति अधिक आहे. घराण्याची हकीकत टिपून घेतांना सांगणाऱ्याचें वय, त्यानें ती कोणाकडून ऐकली, आणि त्या विषयावर त्यानें काय वाचलें व पाहिलें आहे, हें तीन रकान्यांत लिहावें. प्रश्न नम्रपणें विचारला तर राग येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्या पेटींत लढाई नाहीं ती पेटी आधीं उचलावी. तिच्यांतील रोजकीर्दींत धान्याचे भाव असतात, चाकरांचीं नांवें असतात, कोणत्या दिवशीं घोडा मेला व कोणत्या दिवशीं कर्ज काढलें तें असतें. माधवरावांच्या अखेरच्या कलमांतही लढाई थोडी आणि देणेंच फार आहे.

त्या गांवीं उरलेले तीन रुमाल आम्हीं नकलून घेतले. त्यांत मूळ पुरुषाचें नांव एकदांच येतें. पागेच्या चंदीचे पैसे तीन महिने थकले, ते मिळावे, म्हणून त्यानें केलेला तो अर्ज आहे. नक्कल आम्हीं यजमानांकडे पाठविली. त्यांचें उत्तर आलें कीं, अर्ज चौकटींत घालून बैठकींत लावला आहे, आणि कंठ्याची गोष्टही मुलांस सांगणें चालूच आहे. या उत्तरानें आम्हांस समाधान वाटलें.